पाण्याची हजेरी

आमच्या शेजारचे गांगुर्डे सर रोज सकाळी गच्चीवर पाण्याची हजेरी घेतात. चेष्टा नाही. नासर्डी नदीच्या पाण्याने भरलेल्या काचेच्या ताटांपुढे उभे राहतात, चष्मा कपाळावर ढकलतात आणि वहीतून पुकारतात, “पॅरासिटामॉल?” मग कान देऊन थांबतात. वारा पडलेला असला की मीही नकळत थांबते.

सर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. आपण गिळलेल्या गोळ्यांतलं बरंचसं औषध अंगातून तसंच बाहेर पडतं, गटारातून नदीत जातं आणि उकळून-गाळूनही हटत नाही, याचा त्यांनी ध्यास घेतला आहे. ताटांच्या तळाला त्यांनी पांढरी पूड बसवली आहे, भिंतीच्या रंगात असते तीच. तिच्यावर ऊन पडलं की पाण्यातल्या औषधाचे तुकडे तुकडे होतात. आभाळ आलं की सर जांभळा दिवा लावतात. त्या उजेडात त्यांचे फक्त दात आणि सदरा दिसतो. आमच्या कामवाल्या मावशी त्यांचा जिना चढत नाहीत. “तिथं कोणीतरी हाय,” म्हणतात.

सरांचा एक जुना विद्यार्थी अंबडच्या प्रयोगशाळेत आहे. तो पाणी तपासून नावांचा कागद धाडतो, त्यावरून ही हजेरी.

“औषधं नाहीत हो वहिनी, माणसं आहेत ही,” सर एकदा म्हणाले. “ही बघा, झोपेची गोळी. आपल्याच गल्लीत कोणीतरी जागं असतं.” आणि माझ्याकडे टक लावून पाहत राहिले. माझी गोळी मी पिठाच्या डब्यामागे लपवते, आमच्या ह्यांनासुद्धा पत्ता नाही.

गेल्या महिन्यात सर मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले. किल्ली माझ्याकडे. “ओट्यावरच्या बाटल्या तेवढ्या ताटांत ओता, वहिनी. ऊन वाया जायला नको.” मी ओतल्या. कपाटात काळ्या कागदात गुंडाळलेली आणखी एक बाटली होती, जेमतेम अर्धा पेला पाणी. म्हटलं, म्हातारा विसरला. तीही ओतली. मला हे शहाणपण कुणी सांगितलं होतं?

डोळ्याला हिरवी पट्टी लावून सर परतले. काळा कागद मी नीट घडी करून ठेवला होता. तो हातात घेऊन त्यांनी उलगडून पाहिला.

“ती आमच्या सुमनची होती, वहिनी. शेवटच्या दिवशी गोळी पाण्यात विरघळवून दिली होती. अर्धी प्यायली. म्हणाली, उरलेली मग घेते.”

पाच वर्षं त्यांनी आपल्या बायकोचं ते पाणी उजेडापासून जपलं होतं. उजेडात त्याचं काय होईल हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मला रडू आवरेना. ते चिडले असते तर परवडलं असतं. पण एवढंच म्हणाले, “आता त्यात काही उरलं नसेल. पूड चांगली आहे.”

दुसऱ्या दिवशी मी आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होते. आता कसली हजेरी, असं मनात येतंय तोच सरांचा आवाज आला. एकेक नाव पुकारायचं, थांबायचं. वहीतली नावं संपली तरी सर ताटांपुढून हलले नाहीत. मग अगदी हळू म्हणाले,

“सुमन?”

वारा पडला होता. हातातला ओला टॉवेल तसाच धरून मी कठड्याआडून म्हटलं, “हजर, सर.”

सरांनी मान वळवली नाही. वहीत खूण केली.