सत्कारापुरते बर्लिन

माणसाने कुठे राहावे हा सर्वस्वी त्याचा वैयक्तिक प्रश्न आहे, असे आमच्या मंडळाचे अधिकृत मत आहे. या मताची अंमलबजावणी नीट व्हावी म्हणून मंडळाने एक समिती नेमली आहे. मी तिचा चिटणीस.

मंडळ चिक्कडपल्लीत आहे. मराठवाड्यातून हैदराबादेत आलेल्या कुटुंबांनी मराठी भाषेच्या रक्षणार्थ ते स्थापन केले. पुढच्या पिढीला मराठी वाचायला जड जाते, त्यामुळे रक्षणाच्या सूचना आम्ही व्हॉट्सॲपवर बोलून पाठवतो. मंडळात जात विचारली जात नाही. सभासदत्वाच्या अर्जात आडनावाचा रकाना आहे, तेवढा पुरेसा पडतो.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका रविवारी तातेराव हॉलवर आले. तातेराव रेल्वेतून निवृत्त झाले, तारनाक्याला राहतात आणि मंडळाच्या वार्षिक स्नेहभोजनाचा कोरडा विभाग सांभाळतात. इथे खुलासा आवश्यक आहे. स्नेहभोजन घरोघरच्या सहभागातून होते आणि त्याचे दोन विभाग आहेत. ओल्या विभागात पुरणपोळी, कटाची आमटी, मसालेभात आणि पिण्याचे पाणी येते. कोरड्या विभागात पेपर प्लेटा, खुर्च्या आणि सतरंज्या. तातेरावांचे घर पहिल्यापासून कोरड्यात आहे. ही विभागणी निव्वळ प्रशासकीय सोयीची असून ती बदलावी असे आजवर कोणाला वाटलेले नाही. तातेरावांना काय वाटते, याची नोंद इतिवृत्तात सापडत नाही.

"जयभीम," तातेराव दारातूनच म्हणाले.

"नमस्कार, नमस्कार," आमचे अध्यक्ष भगवंतराव म्हणाले. "या. खुर्च्या आल्या का?"

"खुर्च्याचं नाही सायब. पोरगी चालली जर्मनीला. नर्सच्या नोकरीवर. म्हटलं, मंडळाच्या कानावर घालावं."

सभासदाचे अपत्य परदेशी निघाले की मंडळ त्याला शाल, नारळ आणि फ्लेक्स देते. अपत्य जाते, शाल जाते, फ्लेक्स मात्र पावसाळा संपेपर्यंत नाक्यावर राहतो. त्यावर मंडळाच्या सर्व पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे असतात आणि जागा उरल्यास अपत्याचे. तेव्हा एवढ्यावरच काम भागले असते. पण तातेराव सरळ माणूस. ते म्हणाले, "दोन दवाखान्यांचं बोलावणं आलंय. एक बर्लिनचं, एक बारक्या गावचं. आठवड्यात कळवायचंय. ती म्हणते, गावच बरं."

भगवंतरावांनी चष्मा काढला. ते विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून निवृत्त झाले आहेत, त्यामुळे उमेदवाराने स्वतःच उत्तर शोधले की त्यांना संशय येतो.

"दोन ठिकाणं? मग फ्लेक्सवर कोणतं घालायचं?"

अशा रीतीने समिती स्थापन झाली.

समितीत भगवंतराव पदसिद्ध. महिलांचा दृष्टिकोन मांडण्यासाठी महिला शाखेच्या सत्यवतीबाई. परराष्ट्र तज्ज्ञ म्हणून प्रतापराव. प्रतापरावांचे हिमायतनगरला साड्यांचे दुकान आहे आणि ते एका सहल कंपनीबरोबर अख्खा युरोप पाहून आले आहेत. तेव्हापासून ते दुकानातल्या पोरांना रांगेत उभे करतात.

सुनावणी पुढच्या रविवारी ठेवली. लग्नसराईमुळे फ्लेक्सवाल्याकडे फार गर्दी होती, म्हणून फ्लेक्स शनिवारीच छापून घेतला. त्यावर बर्लिन घातले. यात पक्षपात नव्हता. त्या दुसऱ्या गावाचे नाव आगगाडीसारखे लांब होते आणि ते घातले असते तर सत्यवतीबाईंचे छायाचित्र काढावे लागले असते.

रविवारी तातेरावांची मुलगी दीपमाला आईवडिलांबरोबर आली. सहा वर्षे ती इथल्या एका दवाखान्यात नवजात बाळांच्या वॉर्डात आहे. रात्रपाळी करून तशीच आली होती. विठाबाई, म्हणजे तिची आई, दाराजवळच्या खुर्चीवर टेकल्या. ती खुर्ची त्यांनीच मागच्या स्नेहभोजनाला आणलेली होती.

"हे बघ बाळ," भगवंतरावांनी सुरुवात केली, "निर्णय तुझाच. आम्ही फक्त तो घेऊन देतोय."

"पण अंकल, मी घेतला ना. त्या गावच्या दवाखान्यात मला बाळांचाच वॉर्ड देतायत. बर्लिनवाले म्हणाले, आधी या, मग जिथं कमी पडंल तिथं टाकू."

"वॉर्ड गौण आहे. प्रश्न वातावरणाचा आहे. प्रतापराव, तुम्ही प्रत्यक्ष पाहिलंय. सांगा."

प्रतापराव घसा खाकरून उभे राहिले. "मोठ्या शहरात आम्ही एक दिवस होतो. अप्रतिम. इडली मिळते. हॉटेलवाला गुंटूरचा निघाला."

"आणि लहान गाव?"

"तिथं बस थांबली होती."

"कशासाठी?"

"बाथरूमसाठी." प्रतापराव क्षणभर आठवणीत गेले. "स्वच्छ होतं. पण माणूस दिसलं नाही एक. अशा ठिकाणी पोरीबाळींनी राहू नये."

लहान गावाविषयीची समितीची संपूर्ण माहिती या बाथरूमवर आधारलेली आहे, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. चांगले अहवाल याहून कमी माहितीवर झालेले आहेत.

मग सत्यवतीबाईंनी महिलांचा दृष्टिकोन मांडला. "लहान गाव म्हणजे सगळ्यांच्या नजरा. किती वाजता आलीस, कुणाच्या गाडीवर आलीस, दोरीवर काय वाळत घातलंस. परक्या मुलीवर तर जास्तच डोळा."

"सत्यवती आंटी," दीपमाला म्हणाली, "मंगळवारी मी डॉक्टर मॅडमच्या स्कूटीवर घरी आले. बुधवारी तुमचा अम्मीला फोन आला, कोण होतं म्हणून. तुम्ही ऱ्हाता चिक्कडपल्लीत. मी तारनाक्याला."

"ती काळजी होती गं."

"तिथंबी काळजीच करत असतील."

भगवंतरावांनी हा भाग इतिवृत्तातून वगळायला सांगितले. मी वगळला आहे.

"मुख्य मुद्दा असा," ते म्हणाले, "की परदेशात माणूस परका असतो. मोठ्या शहरात आपली माणसं भेटतात. गणपती होतो, दिवाळी होते, मराठी मंडळ असतं. लहान गावात तू एकटी परकी पडशील. त्याची सवय आहे का तुला?"

"हौ ना," दीपमाला म्हणाली. "सवयच आहे. इथं सगळे म्हणतात, आप लोगां महाराष्ट्र के. सुट्टीत नांदेडकडं गावी गेलं की तिथले म्हणतात, हैदराबादवाले आले. आणि इथं हॉलवर आलं की तुम्ही म्हणता, खुर्च्या आल्या का."

तातेराव खाली बघत हळूच म्हणाले, "दीपे, नक्को."

मी इतिवृत्ताचे पान उलटले.

प्रतापरावांनी व्यवहारी बाजू पुढे आणली. मनुष्य व्यवहारी झाला की खरे बोलतो. "आता असं आहे, पुढच्या वर्षी आमचा ग्रुप पुन्हा निघतोय. बर्लिनला एक दिवस मोकळा ठेवतात. तिथलं हॉटेल म्हणजे नुसती लूट. आपलं हक्काचं माणूस असलं म्हणजे... सहा जण कुठंही मावतात."

"चादरी मी आणीन," सत्यवतीबाई म्हणाल्या.

"आणि माझे गुडघे," प्रतापराव म्हणाले. "नर्स असली म्हणजे धीर असतो."

भगवंतरावांनी फक्त एवढेच सांगितले, की त्यांच्या पुतण्याला, संदेशला, तिकडे शिकायला जायचे आहे आणि सुरुवातीचे एखादे वर्ष राहायला जागा मिळाली की तो आपला आपण बघेल. लहान गावातही तो राहिला असता. पण विमानतळापासून लांब पडते.

दीपमालाने तिघांकडे बघितले. मग आईकडे वळली. "अम्मी, तू बोल. तुझं काय?"

इथपर्यंत विठाबाईंना कोणी काही विचारले नव्हते. त्या पदराशी चाळा करत बसल्या होत्या. त्यांनी एकदम बोलायला सुरुवात केली तेव्हा मी पेन उघडायलाही विसरलो.

"मला भ्या वाटतंय," त्या म्हणाल्या. "ह्या लोकांचं नाही. गावाचं. बारकं गाव मी बघितलंय. बारक्या गावात कोण कुठून पाणी भरंल ते ठरलेलं असतंय. शहरात निदान कळत नाही लवकर. म्हणून तर आम्ही इकडं आलो. तू पुन्हा बारक्या गावात कायकू चाललीस?"

"अम्मी, हे गाव तसं नाही."

"गाव गावच असतंय."

"ऐक तर. त्या हेड नर्सबाईनं इंटरव्ह्यूत काय विचारलं माहितै? म्हणाली, आमच्याकडं महिन्याला एकदा सगळे घरून करून आणतात आणि सोबत जेवतात. तू काय करून आणशील?"

"तू काय म्हणालीस?"

"येसराची आमटी."

"तिखट असती, सांगितलंस का?"

"सांगितलं. म्हणाली, मग मोठी कढई आण."

"आन् खातात?" विठाबाई पुढे सरकल्या. "तुझ्या हातचं. खातात ती?"

"खातात अम्मी."

यावर विठाबाई उठल्या, पदर खोचला, आणि तातेरावांना म्हणाल्या, "चला. जाऊ द्या तिला तिकडंच."

समितीचे मत घेणे बाकी होते, हे मी निदर्शनास आणून दिले. पण ते तिघे जिना उतरले होते. जाताना तातेराव आमच्यासमोरचे रिकामे कप उचलून घेऊन गेले. सवय असते माणसाला.

मंडळापुढे पेच उभा राहिला. मुलगी त्या गावाला निघाली आणि फ्लेक्स बर्लिनला. नवा छापायचा तर खर्च, जुना लावायचा तर असत्य. भगवंतरावांचा परीक्षा विभागातला अनुभव इथे कामी आला. त्यांनी ठराव मांडला की, सत्कारापुरते बर्लिन आणि वास्तव्यापुरते ते गाव असे धरण्यात यावे. ठराव एकमताने मंजूर झाला. दीपमालाचा बर्लिनला निवड झाल्याबद्दल सत्कार झाला आणि ती दुसरीकडे निघून गेली. फ्लेक्स पावसाळ्यानंतर काढून हॉलच्या माळ्यावर ठेवला.

पुढे वर्षभर तिच्याबद्दल फारसे काही कळले नाही. मग तातेराव आणि विठाबाई लेकीकडे गेले, आणि एक दिवस मंडळाच्या ग्रुपवर फोटो आला. कसलासा मोठा हॉल, गोऱ्या माणसांची रांग, आणि टेबलामागे स्वेटरवर साडी नेसलेल्या विठाबाई, हातात पळी. कढई रिकामी होती.

सत्यवतीबाईंनी फोटो मोठा करून पाहिला. "काय आहे हे?"

"येसराची आमटी असेल," मी म्हणालो.

"विठाबाई स्वयंपाक करतात? इतक्या वर्षांत बोलल्या नाहीत कधी!"

प्रतापरावांनी फोटो पाहून लगेच निरोप पाठवला, की ग्रुप निघतो आहे, सहा जण आहेत, गाव आडबाजूला असले तरी वाकडी वाट करून येऊ. दीपमालाचे उत्तर बोलूनच आले. "हौ, या ना काका. इथं जेवायला येणारा प्रत्येकजण काही ना काही घेऊन येतो. तुम्ही पेपर प्लेटा आणा."

प्रतापरावांना गहिवरून आले. "बघा, किती जाण आहे पोरीला. आपल्याला त्रास नको म्हणून सगळ्यात सोपं काम दिलं."

यंदाचे स्नेहभोजन त्याच आठवड्यात होते. ओला विभाग चोख होता. पुरणपोळ्या वेळेवर आल्या, आमटीला उकळी फुटली, पाण्याचे जार भरलेले. पंगत बसवायच्या वेळी भगवंतराव म्हणाले, "प्लेटा काढा."

कोणी काढल्या नाहीत. प्लेटा नव्हत्या. सतरंज्याही नव्हत्या, पण सभासद उभे राहू शकत होते. मी हिमायतनगरच्या मंडळाला फोन लावला. तुमच्याकडे प्लेटा कुठून येतात, असे विचारले. तिकडचे चिटणीस म्हणाले, "एक जण आणतात दरवर्षी. चांगला माणूस आहे. नाव आत्ता आठवत नाही." मग नल्लाकुंट्याला लावला. तिथेही एक चांगला माणूस होता. त्याचेही नाव आठवले नाही.

आमटी निवत चालली. शेवटी कोणीतरी माळ्यावरचा फ्लेक्स खाली ओढला, धुतला आणि कात्रीने त्याचे चौकोन केले. फ्लेक्स मोठा होता, सगळ्यांना पुरला. सत्यवतीबाईंच्या वाट्याला बर्लिन आले. मला भगवंतराव आले. मी त्यांच्यावर मसालेभात घेतला. दीपमालाचे छायाचित्र कोपऱ्यात लहान होते, त्यावर लोणचे मावले.

हात धुवायला खाली उतरलो तेव्हा पाटी दिसली. पेपर प्लेटांचे दुकान आमच्या हॉलच्या खालीच आहे. उघडे होते.