भूपेंद्र चौधरीचा संघर्ष

भूपेंद्र चौधरीला आपल्या आयुष्यात संघर्ष म्हणून काही सापडत नव्हतं, आणि रविवार तर निम्मा उलटून गेला होता. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता, शेजारी चहाचे दोन रिकामे कप होते, आणि पडद्यावर, नोकरी-धंद्यातल्या ओळखी वाढवायच्या त्या संकेतस्थळावर, त्याचं प्रोफाइल त्याच्याकडे बघत बसलं होतं. फोटो झाला, शिक्षण झालं, अनुभव झाला. राहिला होता फक्त 'स्वतःविषयी थोडक्यात' हा रकाना.

भूपेंद्र जळगावच्या एमआयडीसीत पाइप बनवणाऱ्या एका कारखान्याचा खरेदी विभाग सांभाळायचा. काम चोख, पगार बरा, पण मागच्या दिवाळीपासून पुण्याला जायचं त्याच्या मनानं घेतलं होतं. त्या रकान्यात त्यानं आधी सरळ लिहिलं होतं, 'खरेदी विभागात बऱ्याच वर्षांचा अनुभव. दिलेलं काम वेळेवर करतो.' ते त्यानं विक्री विभागातल्या योगराजला दाखवलं. योगराजला पुण्याहून, बंगलोरहून कंपन्यांचे फोन येत, म्हणून या विषयात त्याचा शब्द शेवटचा मानला जाई.

"चौधरी, हे प्रोफाइल आहे का रेशनकार्ड?" योगराज म्हणाला.

"मग काय लिहू?"

"गोष्ट लिही. पहिल्याच ओळीत वाचणारा अडकला पाहिजे. कुठून आलास, काय सोसलंस, कुठे पोचलास. लोकांना यश नको असतं रे, जखम पाहिजे असते."

तर भूपेंद्र सकाळपासून जखम शोधत होता.

"नूतन, मी लहानपणी काय सोसलंय गं?"

नूतन मेथी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "मला काय माहीत? मी आल्यापासून तर मीच सोसतेय. सासूबाई सांगायच्या, तुम्हाला भाकरीवर साय लागायची. साय नसली की ताटावरून उठायचात. ते लिहा."

भूपेंद्र सहा वर्षांचा असताना वडील गेले, एवढं खरं होतं. पण ते दुःख त्याच्यापर्यंत पोचायच्या आतच थोरल्या भावानं मधल्यामधे अडवलं होतं. चिंधाभाऊ त्याच्याहून बारा वर्षांनी मोठे. ते कॉलेज सोडून असोद्याच्या केळीच्या बागेत उतरले, आणि भूपेंद्रला मात्र त्यांनी जळगावच्या शाळेत घातलं. पॉलिश केलेले काळे बूट घालून तो रोज रिक्षात बसायचा. गावात त्याचं नावच 'बूटवाला भुपू' पडलं होतं. इंजिनिअरिंगला गेल्यावर बुटांच्या खाली मोटारसायकल आली. अशा माणसानं जखम आणायची कुठून?

शेवटी इंग्रजीत लिहायचं ठरलं आणि त्याची भीड चेपली. परक्या भाषेतलं खोटं हे खोटं वाटत नाही, नुसतं व्याकरण वाटतं. 'अनवाणी पायांनी सुरू झालेला प्रवास,' असं त्यानं सुरू केलं. 'लहानपणीच वडील गेले. डोक्यावर छत्र नव्हतं, पाठीवर कुणाचा हात नव्हता. जो काही झालो तो एकट्याच्या जोरावर.' लिहून झाल्यावर त्यानं ते मोठ्यानं वाचलं, आणि त्याचे स्वतःचेच डोळे पाणावले.

"असोद्यात कुणी वाचलं तर?" नूतननं विचारलं.

"असोद्यात हे कोण वाचतंय? आणि इंग्रजीत आहे."

दोन दिवसांत त्या मजकुराखाली माणसांची रीघ लागली. कधी न भेटलेले लोक त्याला सलाम करू लागले. पुण्याच्या एका कंपनीतल्या बाईंनी 'तुमच्यासारख्यांमुळे जगण्याचं बळ मिळतं' असं कळवलं. भूपेंद्र जेवताना, जिन्यात, लिफ्टमध्ये ते वाचत राहिला. हळूहळू त्याला आपण खरोखरच बरंच सोसल्यासारखं वाटायला लागलं.

या रिघेतच किरण नावाचा एक वार्ताहर होता. जळगावच्या एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत त्याला दर आठवड्याला एक खडतर आयुष्य भरून द्यावं लागे, आणि त्या आठवड्याचं मिळालं नव्हतं. त्यानं फोन केला. "सर, तुमची कहाणी मराठीत आणतो. आपल्या मातीतला माणूस आहे, लोकांना कळायला पाहिजे."

नाही म्हणायला म्हणून भूपेंद्रनं तोंड उघडलं आणि त्यातून "बघा बुवा" एवढंच बाहेर पडलं. 'बघा बुवा' हा वार्ताहराच्या कानाला होकारच ऐकू येतो.

रविवारी अर्धं पान भरून मथळा आला, 'अनवाणी पावलांची झेप! असोदा ते जळगाव, एक खडतर प्रवास'. असोदा ते जळगाव हा प्रवास शेअर रिक्षात तोंडातलं पान संपायच्या आत संपतो, हे छापणाऱ्याला माहीत होतं आणि वाचणाऱ्यालाही. पण रस्त्यातले खड्डे आठवून 'खडतर' या शब्दाला कुणी हरकत घेतली नाही. 'पाठीवर कुणाचा हात नव्हता' ही ओळ तर चौकटीत, मोठ्या अक्षरांत होती.

भूपेंद्रनं घाबरत वहिनींना फोन लावला. ताईबाई वहिनींचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त थोडा हळू.

"वहिनी, भाऊंनी पेपर वाचला का?"

"वाचला. दोनदा वाचला. मंग घडी करून देवाजोळ ठेवला."

"काही बोलले?"

"कायबी नही. जेवले नहीत नीट."

आज जाऊ, उद्या जाऊ, असं करत भूपेंद्र गेला नाही. त्यातच गावातल्या हायस्कूलच्या हेडमास्तरांचा फोन आला. भूमिपुत्राचा सत्कार करायचा होता. भूपेंद्रनं कामाची सबब सांगितली, तब्येतीची सांगितली. हेडमास्तर म्हणाले, "असं कसं? चिंधाभाऊंनी अध्यक्षपदाला होकारसुद्धा दिलाय!" मग मात्र त्याच्याकडची सगळी कारणं संपली.

शाळेचं सभागृह खच्चून भरलं होतं. भाऊ पांढरी टोपी घालून मधल्या खुर्चीवर बसले होते, हात मांडीवर, नजर समोर. भूपेंद्रनं वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी "आला का?" एवढंच विचारलं. शाल झाली, नारळ झाला. मग हेडमास्तरांनी घसा साफ करून जाहीर केलं, "ज्या पायांनी हा प्रवास अनवाणी केला, त्या पायांसाठी आमच्या विद्यार्थ्यांनी एक छोटीशी भेट आणली आहे." दोन मुली तबक घेऊन आल्या. तबकात मखमलीवर नवी कोरी चपलांची जोडी होती. त्यानं ती तिथल्या तिथे घालावी असा आग्रह झाला. पायातले कातडी बूट टेबलाखाली ढकलत त्यानं चपलांत पाय कोंबले. एक नंबर लहान होत्या.

तेवढ्यात मागच्या रांगेतून शेजारच्या गल्लीतले एक म्हातारे आबा उठले. "ओ हेडमास्तर! हा कवा अनवानी व्हता? याच्या बुटाले चिखल लागू नही म्हनून चिंधा याले खांद्यावर घेऊन रिक्षापावतर न्यायचा! आम्ही डोयानं पाह्यलं हाये!"

सभागृहात हशा उसळला. भूपेंद्रच्या कानांतून वाफा निघू लागल्या. आणि भाऊ उठले.

"बसा आबा," ते म्हणाले. "पेपरात आलं ते खरं हाये. बिनबापाचं लेकरू व्हतं. माह्यं ध्यान राह्यलं नही. चूक माही हाये." आणि त्यांनी सगळ्यांदेखत धाकट्या भावापुढे हात जोडले.

हशा जागच्या जागी थांबला. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळे वाजवू लागले. उठावं, माइक हिसकावून घ्यावा आणि खरं काय ते सांगून टाकावं, असं भूपेंद्रला वाटलं. फार वाटलं. पण टाळ्या संपल्या, राष्ट्रगीत झालं, आणि तो तसाच उभा राहिला. भाऊंनी आपल्यासाठी सगळ्या गावासमोर खोटं बोलून आपली अब्रू झाकली, एवढंच त्याच्या डोक्यात घणघणत होतं. कार्यक्रमानंतर त्यानं भाऊंना शोधलं, तर ते विहिरीवरची मोटार बघायला मळ्यात निघून गेले होते.

पण झाकलेलं एकीकडे आणि उघडं पडलेलं दुसरीकडे, असं झालं. भाऊंच्या मुलीची, सपनाची सोयरीक अमळनेरला जमत आली होती. मुलगा बँकेत, घर माळकरी. आठवड्याभरात तिकडून निरोप आला. वहिनींनी तो नूतनला फोनवर सांगितला. "अमळनेरवाले म्हनता, पत्रिका जुयत नही. मांगच्या महिन्यात त जुयत व्हती."

नूतननं फोन ठेवला आणि नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. "पत्रिका जुळते. पेपर जुळला नाही. ज्या घरानं बापाविना पोराला अनवाणी ठेवलं, त्या घरची मुलगी नको, असा त्याचा अर्थ. भाऊंनी तर स्टेजवरच कबूल केलंय. आता तुम्ही जा."

"मी जाऊन काय सांगू?"

"तुमचं ते 'स्वतःविषयी थोडक्यात' सांगा. या वेळेला मराठीत."

भूपेंद्र सकाळच्या गाडीनं अमळनेरला गेला. मुलाचे वडील जीवराम आप्पा वरणगावच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले होते. पलंगावर बसून चष्मा पुसता पुसता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बठ्ठं खोटं शे?" त्यांनी विचारलं.

"वडील गेले एवढं खरं आहे, आप्पा. बाकी सगळं खोटं."

"चप्पल?"

"बूट होते. पॉलिश केलेले."

आप्पांनी चष्मा डोळ्यांवर चढवून त्याला नीट पाहिलं. "मंग तुमना भाऊ कबूल कसाले व्हयना?"

"मला वाचवायला. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून ते स्वतः खोटं बोलले." हे सांगताना भूपेंद्रचा आवाज खरोखरच भरून आला, आणि या खेपेला इंग्रजीची मदत लागली नाही.

आप्पांनी आत चहाची ऑर्डर दिली. "सोतानं नाव बुडाईसन भाऊले झाकस, असा व्याही माले चाली. पन एक अट शे. लगीनमा तुम्ही भाषण करानं नही."

परतीच्या गाडीत भूपेंद्रला कितीतरी दिवसांनी हलकं वाटत होतं. जळगावला उतरून तो घरी न जाता थेट असोद्याच्या मळ्यात गेला. भाऊ केळीची वाळकी पानं कापत होते.

"भाऊ, अमळनेरचं जमलं! मी जाऊन आलो. सगळं खरं सांगून टाकलं."

"काय सांगितलं?" कोयता खाली न ठेवता भाऊंनी विचारलं.

"हेच, की मी खोटं लिहिलं. आणि स्टेजवर तुम्ही खोटं बोललात ते माझ्यासाठी."

भाऊंचा हात थांबला. "मी कुठी खोटं बोललो?"

भूपेंद्रला वाटलं, भाऊ अजून झाकतायत. "अहो, चूक तुमची होती म्हणालात ना. माझ्याकडे लक्ष दिलं नाही म्हणालात."

"ते खरंच हाये." भाऊ बांधावर बसले. "तू चौथीत व्हता. नाल्याले पूर आला, तुहा येक बूट वाहून गेला. तवा केळीची कापनी चालू, गाड्या उभ्या. म्हटलं उद्या घेऊ. तो उद्या लय लांबला. तू तसाच शाळेत जात व्हता. येक दिवस पायात काटा भरला, तू सांगितलंबी नही. तुह्या वहिनीनं रात्री पाह्यला." ते कोयत्याच्या मुठीकडे बघत राहिले. "पेपरात वाचलं तवा मी लय आठवत बसलो, हा असं काहून म्हनते. मंग हे आठवलं. म्हटलं, इतके वर्सं याच्या मनात हेच राह्यलं. म्हनून माफी मांगितली."

भूपेंद्रनं आठवून पाहिलं. पूर आठवला नाही, बूट आठवला नाही, काटाही नाही.

"भाऊ, मला काहीच आठवत नाही हो."

"मले आठवते ना."

वाऱ्यानं केळीची पानं फडफडली. भाऊ उठले, मोटारीच्या पाण्यावर हातपाय धुतले आणि खुंटीला लावलेली टोपी घातली.

"चाल."

"कुठे?"

"अमळनेरले. त्याहिले वाटते मी खोटं बोललो. खोट्यावर सोयरीक करत नही मी."

"भाऊ, अहो कसंबसं जमलंय! परत मोडेल!"

"मोडीन त मोडीन. अन् तूबी चाल. मी माह्यं सांगीन, तू तुह्यं सांग."

गावाबाहेरच्या फाट्यावर शेअर रिक्षा मिळाली. भाऊ आधी आत सरकले आणि त्यांनी शेजारी धाकट्यासाठी जागा केली. रिक्षा खड्ड्यांतून हिंदकळू लागली तसा भाऊंनी, सवयीनं असावं, आपला एक हात त्याच्या पाठीमागून नेऊन दांडीला धरला. मग काहीतरी आठवून त्यांनी चिंतेनं विचारलं, "काय रे, त्या तुह्या इंग्रजीत माह्यं नाव लिहेल हाये का कुठी?"

"नाही, भाऊ," भूपेंद्र म्हणाला. "कुठेच नाही."

"बरं झालं," भाऊंनी मोकळा श्वास सोडला. "माह्यापायी तुह्या पुन्याच्या नोकरीले अडचन नको."