दिनकर भावजींचं हलकं विमान

आमच्या शेजारचे दिनकर भावजी दारात आलेल्या माणसाला आधी पाणी देत नाहीत, काट्यावर उभं करतात. पाणी मग. पाहुणा असो, लाइटबिल घेऊन आलेला माणूस असो, नाहीतर परडी घेऊन आलेली जोगतीण असो. "चप्पल काढा, मोबाईल बाजूला ठेवा, हितं उभं ऱ्हावा" म्हणायचं आणि आकड्याकडं बघून मान हलवायची. आकडा मोठा आला की त्या माणसाकडं असं बघतात, की बिचाऱ्याला उगीच चोरी केल्यासारखं वाटतं. एकदा माझी नणंद चार दिवसांसाठी माहेरपणाला आली होती. तिला त्यांनी तोंडावर सांगितलं, "अठ्ठ्याऐंशी? आवं ताई, माझं इंजिन तुमच्यापेक्षा हलकं हाय." ती दुसऱ्याच दिवशी गेली. त्याबद्दल मी भावजींची आभारी आहे, पण ते असो.

काटा मूळचा माझा. माधवनगरात माझी पिठाची गिरणी आहे आणि गिरणीच्या भिंतीला लागून एक मोठं शेड आहे. पूर्वी तिथं माग चालायचे. माग भंगारात गेले, शेड ओस पडलं. भावजींचं कुपवाडला लेथचं वर्कशॉप होतं, पंपांचे सुटे भाग करायचे. साठी आली तसं त्यांनी ते दुसऱ्याला चालवायला दिलं आणि हे शेड घेतलं. एक दिवस ट्रकमधून लांबलचक लाकडी खोकी उतरली. मला वाटलं पुन्हा माग आले, गल्लीला जरा जाग येणार. मी कौतुकानं बघायला गेले तर भावजी म्हणाले, "माग न्हाईत वहिनी. विमान हाय. सुटं आलंय, जोडायचं."

लोखंडी कपाट जोडायचं असावं तसं सांगितलं हो!

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीत गव्हाच्या डब्यांची रांग लागलेली, आणि रांगेत भावजी पिशवी घेऊन उभे. पिशवीत बोल्ट. "वहिनी, जरा काटा मोकळा झाला की सांगा." पुढं रोजच सुरू झालं. कधी पत्रा, कधी चाक, कधी वायरचं भेंडोळं. माझी गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली, तेव्हा मी नवा काटा घेतला आणि जुना त्यांना देऊन टाकला. माझीच चूक. तेव्हापासून त्यांच्या दारात माणसं मोजली जायला लागली.

"वजन किती?" हा त्यांचा एकच प्रश्न. लग्नाची पत्रिका हातात दिली की तारीख बघायच्या आधी तळहातावर तोलणार, "कागद जड घेतलाय." माझ्या सुनेला मुलगी झाली तेव्हा त्यांनी आल्या आल्या तेच विचारलं. त्यांच्या आयुष्यात तो प्रश्न जागेवर पडला असा तेवढा एकच प्रसंग.

हे सगळं कशासाठी, तर विमानाच्या दुसऱ्या खुर्चीसाठी. विमान दोघांचं. पण त्या दोघांनी मिळून किती वजनाचं असावं ते पुस्तकात छापलेलं. विमान तपासायला एक सरकारी साहेब आले होते. भावजींनी त्यांना विचारलं, "शेजारी भारी माणूस बसवायचा झाला तर?" साहेब हसून म्हणाले, "मग तेवढं विमान हलकं करा. नाहीतर तुम्ही हलके व्हा." साहेब चहा पिऊन निघून गेले. भावजींनी दोन्ही गोष्टी मनावर घेतल्या.

मी म्हटलं, "भावजी, काढून टाका ना ती दुसरी खुर्ची. एकटे बसा, फिरा. कटकट मिटली."

"खुर्ची न्हाई निघायची वहिनी. निघाली तर विमानच नगं मला."

बरं बाबा, नको तर नको. माझं काय जातंय!

मग त्यांनी विमानाला भोकं पाडायला सुरुवात केली. जिथं पत्र्याला जोर नाही तिथं भोक. पट्टीला भोक, दांड्याला भोक, खुर्चीच्या पाठीला ओळीनं भोकं. एक दिवस त्यांची बायको शोभा उलथनं घेऊन माझ्याकडं आली. उलथन्याचा पार झारा झालेला. "वहिनी, ड्रिलचं नवं पातं चालतंय का बघायला ह्यांना माझंच उलथनं सापडलं! आता थालीपीठ उलटू का बुंदी पाडू?"

गल्लीतल्या लोकांना वाटायचं, विमान म्हणजे नव्या ट्रॅक्टरसारखं, सजवायला पाहिजे. जो तो काहीतरी घेऊन यायचा. कुणी काळे गोंडे आणले, कुणी सहा सुरांचा हॉर्न. आमच्या मालकांनी तर मागं ट्रॉलीचा हुक ठेवा म्हणून सांगितलं, पुढंमागं उपयोगी पडतो म्हणे. भावजी कुणाला नाही म्हणायचे नाहीत. वस्तू काट्यावर ठेवायचे, आकडा त्या माणसाला दाखवायचे आणि वस्तू त्याच्याच हातात परत द्यायचे. माझ्या सासूबाईंनी पितळेचा गणपती दिला, तो मात्र त्यांनी घरी देव्हाऱ्यात नेऊन बसवला आणि विमानात गणपतीचं स्टिकर लावलं. "हा बी त्योच देव हाय की मावशी. फकस्त दोन ग्रॅमात बसतोय." सासूबाईंना ते पटलं. मला अजून पटलेलं नाही.

रंग दिलाच नाही. रंग फार जड असतो म्हणे.

आणि मग स्वतःचं वजन. माणसानं किती मनाला लावून घ्यावं! होळीला मी पुरणपोळीचं ताट पाठवलं तर अर्धी पोळी खाऊन बाकीचं परत. अर्धी पुरणपोळी खाणारा माणूस मी सांगली जिल्ह्यात दुसरा बघितला नाही. गालफडं आत गेली, विजार कमरेला दोरीनं बांधायची पाळी आली. शोभानं तीन डॉक्टर केले. तिन्ही डॉक्टरांनी सांगितलं, तब्येत छान आहे. डॉक्टरांचंही वजन ह्यांनी विचारलं असणार.

पण एक गोष्ट मला उलगडत नव्हती. एकीकडं ग्रॅम ग्रॅम वाचवणारा माणूस उजव्या बाजूला मात्र विमान मोठं करत चालला होता. उजवी खुर्ची कापून रुंद केली. मोटारसायकलींच्या सीटा शिवणाऱ्या रसूलभाईंकडून तिला फोमऐवजी नवारीचं विणकाम करून घेतलं, हलकं आणि दणकट. पट्टा दुप्पट लांब. उजवं दार तर ठोकून ठोकून असं बाहेर काढलं, की विमानाला एकाच अंगाला पोट आल्यासारखं दिसायला लागलं. मी शोभाला चारचौघीत गाठून विचारलं, "कोण गं हा भारी माणूस? कुणी मंत्री-बिंत्री बसणार आहे का?"

शोभानं इकडंतिकडं बघितलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "आबा. आमचे थोरले दीर."

आबा म्हणजे पैलवान. कोरेगावकडच्या कुस्तीच्या फडांत एकेकाळी आबांचं नाव निघालं की समोरचा गडी लंगोट कसायच्या आधी देवाला हात जोडायचा म्हणे. कुस्ती सुटली, पण अंग राहिलं. एकशे दहा किलो. वडील लवकर गेले, तेव्हा आबांनीच भावजींना आयटीआयला घातलं, सांगलीला आणून सोडलं. भावजी आबांसमोर खुर्चीत बसायचे नाहीत.

आणि ह्याच भावजींनी विमानाचं किट आणायला गावाकडचा, कोरेगावातला, आपला वाटा विकला. आल्याचं रान. विकला तोही परक्याला, आबांना न सांगता. सांगितलं असतं तर विकू दिलं नसतं. कळल्यावर आबा उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "बाचं रान इकून पत्रा घेतलास व्हय रं? त्यात मला बसवून फिरीव, मगच तोंड दाव. तवर ह्या दारात पाय ठेवू नगंस."

रागाच्या भरात माणूस काय वाटेल ते बोलतो. ऐकणाऱ्यानं चार दिवसांनी जायचं, पाया पडायचं, वहिनीच्या हातचं जेवायचं, संपलं. आमच्याकडं भांडणं अशीच मिटतात. पण लेथवर जन्म काढलेला माणूस! आबांच्या तोंडून निघालेला शब्द त्यानं ड्रॉइंग हातात घ्यावं तसा घेतला आणि मापाला लागला. एकशे दहा किलो बसवायचेत, मग बसवूनच दाखवायचे.

"चार वर्षं झाली वहिनी," शोभा म्हणाली, "दिवाळीला फोनसुद्धा नाही. मी म्हणते चला जाऊन येऊ. तर म्हणतात, अजून सोळा किलो हायती."

मला इतका राग आला म्हणून सांगू! दोन म्हातारे, एक हट्टी आणि दुसरा त्याच्याहून हट्टी. पण मी गप्प बसले. दुसऱ्याच्या भाऊबंदकीत पडू नये.

नंतर एक दिवस भावजी गिरणीत आले ते हसतच. पीठ दळायचा आवाज चालू होता, त्यात ओरडून म्हणाले, "बसलं वहिनी! आकडा बसला!" आणि वर, विमान जमिनीवर पळवायची परवानगीही आली होती. उडवायला अजून दिल्लीचा कागद यायचा होता. पण पळवायला हरकत नव्हती आणि शेजारी माणूस बसवायलाही नव्हती.

मी म्हटलं, "मग आता कळवा आबांना."

भावजींचं हसू गेलं. "कळवतो की. येईल का वो पन त्यो?"

त्यांच्या हातून ते काही होणार नव्हतं. मी घरी आले, शोभाकडून नंबर घेतला आणि सरळ फोन लावला. आपली ओळख दिली आणि जे तोंडाला आलं ते बोलून घेतलं. "आवं आबा, तुम्ही बोलून मोकळे झालात, हितं तुमचा भाऊ चार वर्षं अर्ध्या पोळीवर आहे!" पलीकडून बारीक आवाज आला, "कवा यायचं?"

विमानाचे पंख काढून ते उसाच्या ट्रॉलीवरून गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर नेलं. वाटेत दोघांनी विचारलं, कुठल्या मंडळाचा देखावा म्हणून. तिथं पंख पुन्हा जोडले, सगळं तयार झालं. आबांना स्टेशनवरून घेऊन येणारी रिक्षा आली, थांबली. भावजी पुढं झाले. रिक्षातून एक वाळका म्हातारा उतरला. सदरा अंगावर नुसता लोंबत होता. भावजी त्याच्या खांद्यावरून मागं बघत राहिले, रिक्षात अजून कोण आहे ते.

रिक्षात कुणीच नव्हतं.

मला आधी कळलं, ते कानांमुळं. पैलवानाचे मोडलेले कान. अंग सगळं उतरलं होतं, कान तेवढे पैलवानाचे राहिले होते.

"काय बघतुयास रं दिनकर?" म्हातारा म्हणाला. "मीच हाय. जलमभर ऊस पिकिवला आणि म्हातारपणी साखरंनं मला खाल्लं."

भावजी पाया पडायला वाकले ते लवकर वर उठेनात. शोभानं डोळ्याला पदर लावला. मीही लावला, खोटं कशाला बोलू?

मग भावजींनी आबांना हाताला धरून उजव्या खुर्चीत बसवलं. दोन्ही अंगांना एवढी जागा उरली, की शोभानं ट्रॉलीतली वाकळ आणून एका बाजूला कोंबली. पट्टा ओढता ओढता भावजींच्या हातात निम्मा शिल्लक राहिला. आबांनी खुर्ची चाचपली, ते फुगलेलं दार बघितलं आणि विचारलं, "लय ऐसपैस केलंईस रं. कुणासाठी?"

भावजी पट्टा गुंडाळत म्हणाले, "कंपनीनंच तसं दिलंया आबा."

इंजिन सुरू झालं. विमान धावपट्टीच्या त्या टोकाला गेलं, वळलं, परत आलं. पुन्हा गेलं, पुन्हा आलं. उडालं काही नाही, पण आबा आत बसून रस्त्यानं ओळखीचं कुणी भेटावं तसा आम्हाला हात करत होते. उतरल्यावर त्यांनी उघड्या पत्र्यावरून हात फिरवला. "बाचं रान ह्यात हाय म्हणायचं," ते म्हणाले. "बरं हाय. चांगलं केलंईस." भावजींनी नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरणी उघडत होते. भावजी आले, धुतलेला सदरा घालून, खांद्याला पिशवी. शेडची किल्ली माझ्या हातात दिली.

"आबाला पोचवायला चाललोय वहिनी. ऱ्हाईन म्हणतोय म्हैना-दोन म्हैनं."

"आणि विमान? दिल्लीचा कागद आला तर?"

"येऊ द्या. ठिवा तुमच्याकडं."

पुढं रिक्षात आबा आणि शोभा बसलेले दिसत होते. भावजी निघाले, दोन पावलं गेले आणि परत आले. मला म्हणाले, "त्येचं वजन उतरत हुतं आणि मी हितं विमानाचं उतरवत बसलो. सांगलीत पॅसेंजरला बसलं की थेट कोरेगावात उतरतंय वहिनी. रोज जातीया ती गाडी."