मंडळाचे मंजूर ओठ

मनुष्यप्राणी म्हातारा होतो तो आधी ओठांनी. केस पांढरे होतात, पण त्यांना कलप आहे. गुडघे जातात, पण ते पायजम्यात असतात. डोळे अधू होतात, पण ती अडचण बघणाऱ्याची असते, बघितल्या जाणाऱ्याची नव्हे. ओठ मात्र चेहऱ्याच्या ऐन मध्यावर उघड्यावर पडलेले असतात आणि साठीनंतर त्यांची कोणी विचारपूस करत नाही. वरचा ओठ पातळ होतो, मग लांबतो, मग आत वळतो. खालचा त्याच्या मागोमाग जातो. कोपरे उतरतात, रंग उडतो, वर उभ्या रेघा पडतात. हे सगळे वीस-पंचवीस वर्षे बिनबोभाट चाललेले असते आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो.

या प्रश्नाची संस्थात्मक पातळीवर दखल घेणारे परभणी जिल्ह्यातील पहिले मंडळ म्हणजे आमचे सायंतारा ज्येष्ठ नागरिक मंडळ, पूर्णा. (हिंगोलीची माहिती उपलब्ध नाही.) मी मंडळाचा चिटणीस. महसुलात अव्वल कारकून होतो, त्यामुळे पुढील मजकुरात भावनेला फारसा वाव नाही, आणि जिथे आहे तिथे तशी नोंद केली आहे.

प्रकरणाची सुरुवात आमचे सदस्य दिनकरराव यांच्यापासून झाली. ते गेले तेव्हा श्रद्धांजलीच्या फलकासाठी घरात त्यांचा फोटो सापडेना. शेवटी पुतण्याच्या लग्नातला सापडला. त्यात त्यांच्या खांद्यावर एक हात होता (कुणाचा, हे अद्याप निष्पन्न झालेले नाही) आणि तोंडात अर्धी जिलबी होती. तेरा दिवस स्टेशन रोडवर दिनकरराव जिलबी खात भावपूर्ण श्रद्धांजली स्वीकारत उभे होते. अध्यक्ष व्यंकटरावांना हे फार लागले. ते निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि तोंडात काही ठेवून उभे राहणे त्यांना हयातभर खपले नाही.

म्हणून ‘पूर्वतयारी छायाचित्र योजना’ आली. प्रत्येक सदस्याचा चांगला फोटो हयातीतच काढून ठेवायचा, म्हणजे आयत्या वेळी धावपळ नको. काम फ्लेक्सवाल्या श्रद्धाकडे दिले. ही मुलगी हुशार आहे. वाढदिवस, निवड, अभिनंदन आणि निधन या चारही प्रसंगांना पुरेल असा फोटो ती एकाच बैठकीत काढते, फक्त मागचा रंग बदलते.

एकशे सदतीस फोटो निघाले आणि पहिल्यांदाच मंडळाने आपले ओठ एकत्र पाहिले. तातडीने उपसमिती नेमली. अहवाल असा: वरचा ओठ पातळ झालेले सदस्य चौऱ्याण्णव, खालचा पातळ झालेले अठ्ठ्याऐंशी, दोन्ही ओठ जागेवर न आढळलेले अकरा (शोध चालू), मिशीमुळे तपासणी होऊ न शकलेले तेवीस, ओठ उत्तम स्थितीत असलेला एक. हे शेवटचे सदस्य चौकशीअंती बावन्न वर्षांचे निघाले आणि त्यांचे सदस्यत्व रद्द झाले. टक्केवारीची बेरीज एकशे अठ्ठावन्न येते, कारण काही सदस्यांना दोन ओठ आहेत.

श्रद्धा म्हणाली, “सर, टेन्शन कशाला घ्यायलात? ओठ भरून देते की मी. कॉम्प्युटरवर दोन मिनिटांचं काम हाय.”

ओठ भरायचे तर कुणाचे भरायचे, हा प्रश्न आला. तिच्याकडे तयार ओठ होते. पुरुषांसाठी मागच्या निवडणुकीतल्या एका पराभूत उमेदवाराचे मंजूर झाले. निकालानंतर ते कुणी वापरत नव्हते आणि स्थितीही चांगली होती. स्त्रियांसाठी एका साडी सेंटरच्या फलकावरचे घेतले, लाली दोन अंशांनी उतरवून. ठराव एकमताने झाला. एकमत इतके होते की सूचक कोण आणि अनुमोदक कोण हे ठरवतानाच वेळ गेला. पंधरा दिवसांत मंडळाच्या भिंतीवर एकशे छत्तीस चेहरे आणि त्यांवर दोनच प्रकारचे ओठ झळकले. रेल्वेवाले, शिक्षक, शेतकरी, दुकानदार, सगळे एका आईची लेकरे दिसू लागली. सामाजिक सलोख्यासाठी इतक्या कमी श्रमांत एवढे काम कुणी केले असेल असे मला वाटत नाही.

अनावरणाची नोटीस मी स्वतः लिहिली: ‘सर्व महिला व पुरुष सदस्यांचे ओठ भरण्याचा कार्यक्रम पूर्ण झाला असून अनावरणास उपस्थित राहावे.’ झेरॉक्सच्या दुकानात टाईप करणाऱ्याला ओठ भरतात हे ठाऊक नव्हते. काय भरतात ते त्याला ठाऊक होते. त्याने चूक सुधारली आणि नोटीस निघाली: ‘सर्व महिला व पुरुष सदस्यांची ओटी भरण्याचा कार्यक्रम.’

त्रेचाळीस महिला आल्या. पुरुषांपैकी चौघे आले, तेही उपरणे पसरून बसले. त्रेचाळीसपैकी एकोणीस महिला विधवा होत्या. नवरा गेल्यापासून त्यांना कुणी ओटीला बोलावले नव्हते, पण नोटिशीत ‘सर्व’ होते आणि खाली माझी सही होती. परत पाठवणे शोभेना. व्यंकटरावांनी खण, नारळ आणि तांदूळ मागवले आणि सगळ्यांची ओटी भरली गेली. ही सामाजिक सुधारणा कार्यकारिणीच्या पूर्वपरवानगीशिवाय घडल्याची नोंद इतिवृत्तात आहे.

या एकोणिसांत केशरबाई होत्या. त्यांचे यजमान आप्पाराव रेल्वेत गँगमन होते आणि योजनेचे पहिले लाभार्थी. फोटो काढल्यावर बाविसाव्या दिवशी ते गेले. स्टेशन रोडवर त्यांचा फलक लागला तेव्हा केशरबाई घराबाहेर पडत नव्हत्या, त्यामुळे तो त्यांनी पाहिला नव्हता. आता ओटीतला नारळ सावरत त्या भिंतीपाशी आल्या, फोटोपुढे थांबल्या आणि मग माझ्या टेबलापाशी आल्या.

“सायब, हे ओठ ह्यांचे न्हाईत.”

मी म्हणालो की हे मंडळाचे मंजूर ओठ आहेत.

“असतील. डोळे ह्यांचे हायत, कान ह्यांचे हायत. तोंड कुणाचं आणून बसवलंत?”

श्रद्धा जवळच होती. ती समजुतीने म्हणाली, “काकू, ओठ पूर्ण आत गेले होते त्यांचे. खराब दिसायलं होतं.”

“आत गेलते तर जाऊ द्यायचे. मला आत गेलेलेच पायजेत.”

मूळ फोटो द्यायला आमची हरकत नव्हती, पण तो राहिला नव्हता. श्रद्धा जुन्यावरच नवे काम करते, नाहीतर कॉम्प्युटर बसतो. घरी दुसरा फोटो नव्हता. केशरबाईंचा फोन बटणांचा. आधार कार्डावर एक होता, पण तो दात असतानाचा, आणि त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर, “त्यात ते चोर दिसायलेत.” म्हणजे शेवटच्या बारा वर्षांतले आप्पाराव जगात एकाच ठिकाणी होते आणि तिथे आम्ही पराभूत उमेदवार बसवला होता. हे लिहिताना मला वाईट वाटते. (भावनेची नोंद क्रमांक एक.)

तरी कार्यपद्धती ती कार्यपद्धती. ‘ओठ पूर्ववत करण्याबाबतचा अर्ज’ मी त्याच दिवशी तयार केला. सोबत जोडायची कागदपत्रे: मूळ ओठांचा नमुना, दोन साक्षीदार आणि ज्यांचे ओठ आहेत त्यांची समक्ष उपस्थिती. केशरबाईंनी शांतपणे विचारले, “ते आले असते तर मी फोटो कशाला मागितला असता?” हा मुद्दा कार्यकारिणीच्या ध्यानात आला नव्हता. तीन बैठकांनंतर अट शिथिल करून अर्जात एक रकाना वाढवला: मूळ ओठांचे वर्णन (एका ओळीत).

केशरबाईंना लिहिता येत नाही. त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेलो.

“वरला ओठ दिसतच न्हवता. दात गेल्यापासून आत वळला. बोलायचं असलं की आधी तेवढा भायेर यायचा. मग मी चुलीवरचं खाली ठेवायची, म्हणायची, बोला.”

मी म्हणालो, ओळ संपली.

“खालच्या ओठात डाव्या अंगाला तंबाखू. चाळीस वर्षं तिथंच. तिथं जागाच झालती. पुढं डॉक्टरनं तंबाखू सोडवली, तरी ओठ तेवढा उचललेलाच ऱ्हायचा, येईल म्हणून.”

मी दुसरा कागद घेतला.

“वर उभ्या रेघा लय होत्या. ते म्हणायचे, शिट्ट्या वाजवून वाजवून पडल्यात. मी म्हणायची, म्हातारे झालाव. रंग म्हणाल तर मधी पांढरट, कडंला काळा. उनाचा. आन् हसत न्हवते ते कधी. हसू आलं की ओठ गच्च आवळून धरायचे. तेच त्यांचं हसणं. लोकायला वाटायचं चिडले.”

चार कागद झाले. पस्तीस वर्षे मी पंचनामे लिहिले. विहिरी, बांध, जळालेल्या कडब्याच्या गंजी, वाहून गेलेली जनावरे. इतका काटेकोर पंचनामा माझ्या हातून कधी झाला नव्हता.

ते कागद घेऊन केशरबाई श्रद्धाच्या दुकानात बसल्या. श्रद्धा माऊस फिरवी आणि केशरबाई पडद्याला बोट लावून सांगत: “अजून आत. अजून. इतकं न्हाई, तिथं तंबाखू कुठं बसंल?” तीन दिवस दुकानाचे बाकीचे काम बंद होते. त्यात एका पुढाऱ्याचा वाढदिवस उलटून गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी केशरबाईंनी पडद्यावरचे बोट काढून घेतले. श्रद्धाला वाटले पुन्हा चुकले.

“आता बोलतील असं वाटायलंय,” केशरबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. श्रद्धाही रडली, असे ती सांगते. मी तिथे नव्हतो, त्यामुळे ही नोंद ऐकीव माहितीवर आधारित आहे.

तो फोटो भिंतीवर लावण्यास मंडळाने नकार दिला. एकशे पस्तीस चेहऱ्यांवर मंजूर ओठ आणि एकावर वेगळे, हे शिस्तीला धरून नाही, असे व्यंकटरावांचे मत पडले. केशरबाई म्हणाल्या, “तुमचं तुमाला ऱ्हाऊ द्या,” आणि फोटो घरी घेऊन गेल्या. प्रकरण निकाली निघाले.

परंतु एकदा चूक झाली की तिची कार्यपद्धती करायची, हा कारभाराचा पाया आहे. असा पेच पुन्हा उद्भवू नये म्हणून कार्यकारिणीने ठराव केला की प्रत्येक सदस्याच्या ओठांचे वर्णन त्याच्या हयातीतच, घरच्या माणसाकडून, समोर न बघता लिहून घ्यावे. समोर न बघता अशासाठी, की प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा बघायची सोय राहिलेली नसते. नवरा-बायको, लेक-लेकी, सुना, कुणीही चालेल. एकच ओळ. पहिल्या टप्प्यात साठ अर्ज वाटले आणि विशेष म्हणजे साठही परत आले. पैकी पाचांवर ‘नॉर्मल’, दोहोंवर ‘बरे आहेत’ आणि एकावर ‘पुण्याच्या मुलाला विचारून कळवतो’ असा मजकूर आहे. बावन्न रकाने कोरे आहेत.

त्या बावन्नांत एक अर्ज माझा आहे. पद्मजाबाईंचा आणि माझा संसार चव्वेचाळीस वर्षांचा. त्या समोर शेंगा फोडत बसल्या होत्या आणि मी टोपण काढून अर्धा तास अर्जावर मान घालून होतो. त्यांच्या हातचे वरण मी डोळे मिटून ओळखीन. ओठ आठवेनात. त्यांनी विचारले, “काय लिहायलाव एवढं?” मी म्हणालो, काही नाही. ते खरेच होते. मला स्वतःची लाज वाटली. (नोंद क्रमांक दोन.)

मंडळाची योजना आता सर्वांसाठी खुली करण्यात आली आहे, तेव्हा इथवर आमच्या म्हाताऱ्यांना हसत आलेल्या वाचकांचेही अर्ज स्वीकारले जातील. आपल्या आईचा वरचा ओठ कसा आहे, एवढेच एका ओळीत लिहायचे आहे. फोन खाली ठेवावा. त्यातल्या फोटोत फोननेच परस्पर ओठ भरलेले असतात, त्यामुळे तो पुरावा म्हणून ग्राह्य नाही. आठवत नसल्यास, आणि आई असल्यास, घरी जाऊन बघून येण्याची खास सवलत वाचकांना देण्यात येत आहे. या सवलतीची अंतिम तारीख मंडळालाही कळवण्यात आलेली नाही.