शेंदरी सुपारी

विनूकाकांच्या घरात उघडी वस्तू औषधालासुद्धा सापडायची नाही. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक, त्या प्लास्टिकला कापडी पिशवी. छत्री खोळीत, खोळ गोणपाटात, म्हणून पाऊस आला की छत्री निघेपर्यंत काका भिजलेले. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "वेष्टण शाबूत, तर माल शाबूत."

नागावात आमची आणि त्यांची वाडी लागून, मध्ये फक्त दगडांचा बुटका गडगा. हे वेड त्यांना पोफळींनी, म्हणजे सुपारीच्या झाडांनी लावलं. कोवळ्या पोफळीच्या खोडावर नैर्ऋत्येकडून दुपारनंतरचं ऊन पडलं की साल तडकते, म्हणून त्या बाजूला झावळ्या बांधतात. काका बांधायला लागले की थांबत नसत. एकदा त्यांनी माझ्या सायकलचा दांडाही गुंडाळला होता.

गेल्या वर्षी सुधाकाकूंचा उजवा डोळा अचानक अंधुक झाला. मांडव्याहून बोटीने आम्ही तिघं मुंबईच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तपासण्या झाल्यावर त्या म्हणाल्या, डोळा ठीक आहे, पण त्यामागच्या नसेवरचं वेष्टण शरीरानेच चुकून कुरतडलंय.

'वेष्टण' म्हटल्याबरोबर काका खुर्चीत पुढे सरकले. "कुठल्या बाजूचं? नैर्ऋत्येचं का?"

बाई हसल्या नाहीत. औषधाने सूज उतरेल, म्हणाल्या. मग शरीरातल्याच काही पेशी नसेभोवती थरावर थर गुंडाळत नवं वेष्टण घालतात. ते पहिल्यापेक्षा पातळ असतं, कधी अर्धवटही राहतं, पण पुष्कळदा नजर सुधारते. वेळ लागतो.

"म्हणजे बाहेरून बांधता येत नाही?"

"नाही, काका."

परतताना काका बोटीत औषधांची चिठ्ठी पिशवीत आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घालत बसले. जन्मभर दिसेल ते बांधत आलेल्या माणसाला नेमकं हेच बांधता येणार नव्हतं. मला त्यांची फार दया आली.

रंग आधी फिके पडतात, हे बाईंनी सांगितलं होतं. तेव्हापासून रोज सकाळी काका ओट्यावर पिकून शेंदरी झालेली सुपारी धरत. काकू चांगला डोळा तळहाताने झाकत. "कोणता रंग?" पहिले काही दिवस उत्तर "करडा". पंधरवड्याने "शेंदरी" आलं आणि काकांनी आळीभर नारळाच्या वड्या वाटल्या.

काकूंनी मला हळूच सांगितलं, "अजून करडीच दिसते रे. पण हे रोज पिकलेलीच आणतात, म्हणून म्हणते शेंदरी. चार घास जेवतात तरी."

एकदा मी गडग्यापाशी उभा असताना काकांनी सुपारी धरली. काकू म्हणाल्या, "शेंदरी." सुपारी हिरवीगार होती. काकांनी ती झटकन खिशात टाकली आणि म्हणाले, "वा! वेष्टण धरतंय."

मग गडग्याशी येऊन मला म्हणाले, "तिला बोलू नकोस हो. मला बरं वाटावं म्हणून म्हणते ती."

दोघांची गुपितं माझ्याच पोटात. महिना-दीड महिना गडग्याकडे जायचंच मी टाळलं.

मग एका सकाळी वाडीत शिंपणाचं पाणी सोडायला गेलो तर ओट्यावर परीक्षा चालू होती. काकूंनी डोळा झाकला, पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"अहो, आज हिरवी का आणलीत?"

काका मटकन पायरीवर बसले. सुपारी हातातून घरंगळत अंगणात गेली.

"कितीतरी दिवस रोज हिरवीच होती गं," ते म्हणाले आणि हुंदके देऊन रडायला लागले.

काकू त्यांच्याशेजारी टेकल्या, पाठीवरून हात फिरवत राहिल्या. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. शिंपणाचं पाणी तसंच वाहत होतं, ते मी बऱ्याच वेळाने बंद केलं.