तेलाच्या डब्याने राखिलेले राज्य

श्रीदूरचित्र प्रसन्न. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, माघ वद्य चतुर्थी, रविवार, तिसरा प्रहर. ते दिवशी दिगंबरपंत खांबेटे यांचे सिंहासन कैसे डळमळले, ते श्रोतेजनी पाय पसरून, परंतु कान उघडे ठेवून ऐकावे.

राज्य म्हणावे तरी दोन खोल्यांचे. त्याच्या मालकीण पंतांच्या वडील भगिनी कुमुदताई, आणि प्रजा सात असामी, सर्व चष्मेवाले. यांचा कुळधर्म ऐसा की बाळपणी टीव्हीवर जाहलेली 'तारागलबत' नामे तेरा भागांची अंतराळमालिका दर रविवारी एक भाग ऐसी फिरफिरोन पाहावी, आणि मग चहा घेऊन तिजवर खल करावा. वेताची खुर्ची ती कप्तानाची. ज्याचे म्हणणे कोणी खोडिले नाही त्याने तीवर बसावे, आणि खोडिले गेले तर उठोन वर्षभर सर्वांचे कप विसळावे, ऐसा कायदा. पंत अकरा वर्षे बसोन होते.

पंतांची कीर्ती सारी नवव्या भागावर. त्या भागी गलबत जड जाहले, म्हणोन कप्तानाने ठोकळोजी नामे यंत्रमानवास बर्फाच्या ग्रहावर उतरविले, आणि तो छातीवरचा दिवा लुकलुकवीत उभा राहिला, आणि येथेच सर्वांच्या कॅसेटी संपत. पुढील दोन मिनिटे कोणापाशीच नव्हती. पंत सांगत की कप्तान माघारा फिरला आणि ठोकळोजीस घेऊन गेला, हे आपण सातव्या वर्षी डोळ्यांनी पाहिले. विरोधपक्षाचे सरदार हणमंतराव कारंडे पुसत, "मग दहाव्या भागापासून तो दिसत का नाही, पंत?" पंत शांतपणे वदत, "तळघरात दुरुस्तीला आहे. अकराव्या भागात जिन्यापाशी तेलाचा डबा दिसतो, तो कोणासाठी?" यापुढे कोणाची मात्रा चालत नसे.

आणि त्या रविवारी हणमंतराव संपूर्ण नववा भाग पेनड्राइव्हवर घालोन, मिशीत हसत दाखल जाहले. पंतांचे तोंड उतरले. कपांचे भय त्यांस नव्हते. ठोकळोजी परत आला, या भरवशावर त्यांनी बाळपण काढिले होते, आणि तोच भरवसा आता पणास लागला, याचे फार वाईट वाटले.

मग भाग लागला, आणि गलबत वर गेले, आणि दिवा लहान होत होत विझला, आणि कोणी माघारे फिरले नाही. नावे सरकू लागली. पंत खुर्चीवरून उठले आणि कप गोळा करू लागले. तों कुमुदताई पोह्यांचे पातेले घेऊन दारातच थबकल्या होत्या, त्या बोलल्या, "बस खाली, दिगू. त्या दिवशी तो तिथं उभा राहिला आणि आपल्या गल्लीतली वीज गेली. तू पुढचं काही पाहिलंच नाहीस. जेवायला बसेनास, नुसता रडत होतास. म्हणून मी सांगितलं, कप्तान परत आला म्हणून."

पंत पुसते जाहले, "आणि तळघर?"

"तेही मीच. पुढच्या रविवारी विचारलंस ना, तो कुठंय म्हणून."

"आणि तेलाचा डबा?"

"ते मला माहीत नाही बाबा. तो तुझा तूच शोधलास."

हणमंतराव चष्मा पुसत होते. सातव्या वर्षी तेही रडले होते, परंतु त्यांस सांगावयास ताई नव्हती. त्यांनी अकराव्या भागाचे चित्र लावोन जिन्यापाशी थांबविले. डबा होता. उघडा होता, आणि वर चिंधी ठेविली होती. हणमंतराव बहुत वेळ पाहोन म्हणाले, "माणसाला एवढं तेल लागत नाही, पंत. बसा तुम्ही खुर्चीवर." आणि पंतांच्या हातचे कप घेऊन मोरीकडे गेले.

एकूण मजकूर इतकाच की सभेने एकमताने नववा भाग चुकीचा ठरविला, ठोकळोजी तळघरात सुखरूप आहे, आणि पोहे गार जाहले तरी कोणी तक्रार केली नाही.