खरवसचं राहिलेलं इंजेक्शन

सोसायटीचे सेक्रेटरी रमाकांत घाडींनी नोटीस स्वतः टाइप केली, स्वतःच्या सहीने लिफ्टशेजारच्या फळ्यावर लावली, आणि घरी येऊन चहाचा पहिला घोट घेतला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की त्या नोटिशीत आपणच अडकलो आहोत.

नोटीस साधी होती. ज्यांच्याकडे पाळीव प्राणी असतील त्यांनी लसीकरणाचं चालू वर्षाचं कार्ड शनिवारी संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर टाकावं. ज्यांचं कार्ड येणार नाही, त्यांचा प्राणी इमारतीत ठेवायचा की नाही हे रविवारच्या सभेत ठरेल.

ही सगळी तयारी खरं म्हणजे चौदाव्या मजल्यावरच्या मेजरसाठी होती. भोईवाड्यातली चाळ पाडून बावीस मजली इमारत झाली, तेव्हा घाडींना तेरावा मजला मिळाला आणि त्यांच्या बरोबर डोक्यावर गंगाधर जाधव राहायला आले. जाधव बेस्टमधून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले, एकटे, अबोल. त्यांची बोलायची सगळी कसर मेजर भरून काढायचा. मेजर म्हणजे वासराएवढा लॅब्रॅडॉर. पहाटे पेपरवाल्याची चाहूल लागली की तो असा भुंकायचा की घाडींच्या कपाटातली भांडी वाजायची. एकट्या माणसाने कुत्र्याची कागदपत्रं कुठली ठेवली असणार, असा घाडींचा हिशेब होता. अध्यक्ष भिवा तोरसकरांनी तर तो लगेच उचलून धरला होता. "कार्ड नाय तर कुत्रो नाय," असा त्यांनी कमिटीत निकालच दिला होता. तोरसकर या बाबतीत फार कडक. इमारतीत एक केस जरी उडताना दिसला तरी ते वॉचमनला बोलावून घेत.

आता चहाचा कप हातात धरून घाडी सोफ्याखाली बघत होते. सोफ्याखालून खरवस त्यांच्याकडे बघत होता.

खरवस हा त्यांच्या पूर्वी नावाच्या मुलीचा कुत्रा. रस्त्यावरच सापडलेला, पिवळट रंगाचा, म्हणून हे नाव. पूर्वी नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि कुत्रा आईवडिलांकडे राहिला. जाताना तिने फाइल दिली होती, तारखा सांगितल्या होत्या. पुढे दोनदा फोनवर विचारलंही होतं, "बाबा, खरवसचं इंजेक्शन झालं ना?" दोन्ही वेळा घाडी "झालं, झालं" म्हणाले होते. खोटं बोलायचं म्हणून नव्हे; उद्या करूच, मग आजच 'झालं' म्हणायला काय हरकत, या विचाराने. तो उद्या उजाडला नव्हता. घाडींनी फाइल काढून बघितली. शेवटच्या शिक्क्याला अडीच वर्षं झाली होती.

शनिवारी सकाळी त्यांनी बायकोला, हेमांगीला सांगितलं, "जरा खरवसला फिरवून आणतो."

"तुम्ही?" हेमांगी म्हणाली. "टॅक्सीने?"

कारण त्यांच्या हातातल्या फोनवर टॅक्सी आल्याचं दिसत होतं.

"लांब फिरवतो," घाडी म्हणाले.

लालबागच्या जनावरांच्या दवाखान्यात गर्दी नव्हती. बाकावर एकच माणूस बसला होता आणि त्याच्या पायाशी एकच कुत्रा. माणूस म्हणजे गंगाधर जाधव आणि कुत्रा म्हणजे मेजर. घाडी दारातूनच मागे फिरले असते, पण खरवसने मेजरला ओळखून शेपूट हलवली आणि पट्ट्यासकट घाडींना आत नेलं.

"या, सेक्रेटरी," जाधव म्हणाले.

"मेजरचं इंजेक्शन?" घाडींनी आशेने विचारलं.

"ते मार्चमध्येच झालं. कान सुजलाय जरा." जाधवांनी पिशवीतून कार्ड काढून दाखवलं. कार्ड लॅमिनेट केलेलं होतं. सहा वर्षांचे सहा शिक्के, एका ओळीत. "खरवसचं काय?"

"असंच. रूटीन."

डॉक्टर आकांक्षा पंचविशीतल्या असाव्यात. त्यांनी फाइल उघडली, तारीख वाचली, चष्मा वर सरकवला आणि सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "काका, अडीच वर्षं?"

घाडींनी जाधवांकडे पाहिलं नाही. जाधव मेजरच्या कानात बघत होते.

"ठीक आहे, ओरडत नाही मी," डॉक्टर म्हणाल्या. "राहून जातं. आज रेबीजचं देते. बाकीच्या आजारांची जी एकत्र लस असते ती पण आज देते, आणि तिचा आणखी एक डोस महिन्याने. तेव्हा यायचं नक्की. आता डोकं धरा याचं. घट्ट."

घाडींनी डोकं धरलं. पण घट्ट धरवेना. खरवस त्यांच्याकडे असा बघत होता की जणू हे काय चाललंय ते घाडीच त्याला समजावून सांगणार आहेत. त्यांनी बोटं किंचित सैल केली. त्याच क्षणी सुई टोचली, खरवस गर्रकन वळला, आणि त्याचे दात घाडींच्या मनगटावर लागले. लागले, आणि लगेच सुटले. मग खरवसने तीच जागा दोनदा चाटली.

"चाटू देऊ नका," डॉक्टर म्हणाल्या. "बघू. रक्त नाही, पण खरचटलंय. नळाखाली धरा हात. साबण लावून पंधरा मिनिटं. आणि इथून थेट माणसांच्या दवाखान्यात जायचं."

"अहो, घरचाच कुत्रा आहे. आणि आत्ताच तर इंजेक्शन दिलंत."

"त्याचा उपयोग व्हायला वेळ लागतो, काका. दात आज लागलेत."

मागच्या बेसिनपाशी घाडी हात धुवत उभे राहिले. जाधव घड्याळ बघायला शेजारी उभे राहिले. त्यांनी दोन्ही कुत्र्यांचे पट्टे एका हातात धरले होते.

"झाली असतील पंधरा," थोड्या वेळाने घाडी म्हणाले.

"चार झाली."

घाडींनी पुन्हा साबण लावला. "जाधव, एक सांगायचं होतं. हे इमारतीत कुणाला बोलू नका."

"काय बोलू नको?"

"हेच."

"हात धुताय, ते?"

"अडीच वर्षांचं. आणि हे चावल्याचं. नोटीस माझ्या सहीची आहे हो."

जाधवांनी जरा विचार केला. "नाही बोलत," ते म्हणाले. "सात झाली."

पालिकेच्या दवाखान्यातही जाधव बरोबर आले, कारण दोन कुत्रे बाहेर कुणीतरी धरायला हवे होते. आतल्या सिस्टर जाड रजिस्टर घेऊन बसल्या होत्या.

"नाव, वय?"

"रमाकांत घाडी. त्रेसष्ट."

"कुत्रा भटका की पाळलेला?"

"पाळलेला. आमचाच."

"त्याला रेबीजची लस दिलेली आहे?"

"दिली आहे," घाडी ठामपणे म्हणाले.

"कधी?"

घाडींनी घसा साफ केला. "आज."

सिस्टरांनी मान वर केली. "आज कधी?"

"चावायच्या जरा आधी."

"किती आधी?"

"तसं म्हणजे… लगेचच."

सिस्टरांनी पेन खाली ठेवलं, त्यांच्याकडे नीट बघितलं आणि पुन्हा पेन उचललं. रजिस्टरमध्ये त्यासाठी रकाना नव्हता. "चार वेळा यायचं," त्या म्हणाल्या. "आज, तिसऱ्या दिवशी, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या. दर वेळी दोन्ही दंडांत एकेक."

"म्हणजे आठ?"

"आठ. आणि तारीख चुकवायची नाही. लोक दोनदा येतात आणि मग विसरतात."

घाडी बाहेर आले तेव्हा खिशात दोन कार्डं होती, दोन्ही नवी कोरी, दोन्हींवर आजच्या तारखेचा निळा शिक्का. दुपारच्या उन्हात त्यांनी घरी जाऊन पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवला. हेमांगीने विचारलं तर म्हणाले, "एसीत थंडी वाजते." एसी बंद होता, पण ती पोळ्या करत होती म्हणून विषय तिथेच राहिला.

संध्याकाळी साडेपाचला त्यांनी खिशातून कार्ड काढलं, टेबलावर ठेवून फोटो घेतला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं : 'नियम सर्वांना सारखा. पहिलं कार्ड मीच टाकत आहे. इतरांनी अनुकरण करावं. — सचिव.' मग फोन चार्जिंगला लावून ते खरवसला घेऊन गच्चीवर गेले. फार दिवसांनी त्यांना मोकळं वाटत होतं.

अर्ध्या तासाने खाली आले तर हेमांगी दारातच उभी होती. तिच्या हातात तिचा फोन होता.

"तुम्हाला कुत्रा चावला?"

"कोण म्हणतं?"

"तुम्हीच. ग्रुपवर."

घाडींनी फोन घेतला. फोटोतल्या कार्डावर 'खरवस' असं कुठेच नव्हतं. 'रमाकांत घाडी, पु., ६३, श्वानदंश, डोस पहिला' असं होतं. खाली एकसष्ट जणांचं वाचून झालं होतं आणि इमारत कामाला लागली होती.

'सेक्रेटरींना कुत्रा चावला??'

'मेजरच असणार. मी आधीच बोललेलो.'

'लहान मुलं आहेत बिल्डिंगमध्ये. हे चालणार नाही.'

आणि शेवटी तोरसकरांचा मोठ्या अक्षरातला निकाल : 'उद्याच्या सभेत पहिला विषय हाच. तो कुत्रा इमारतीबाहेर.'

घाडींनी घाईघाईने आपल्या फोनवरून फोटो डिलीट केला. त्याने आणखी घोळ झाला. लगेच कुणीतरी लिहिलं, 'सेक्रेटरींनी फोटो काढून टाकला. त्यांच्यावर दबाव आलेला दिसतो.' दुसऱ्याने लिहिलं, 'जाधव बोलत नाहीत, पण आतल्या गाठीचे आहेत.'

तेवढ्यात बंगळुरूहून फोन आला. फ्लॅटवर मुलीचंही नाव होतं, त्यामुळे तीही ग्रुपवर होती.

"बाबा, कोण चावलं तुम्हाला?"

"खरवस."

"खरवस कधी चावत नाही. तुम्ही काय केलंत त्याला?"

"इंजेक्शनला नेला होता."

"पण ते तर झालं होतं ना?"

घाडींनी भिंतीकडे बघत सगळं सांगितलं. हेमांगी शेजारी उभी होती, त्यामुळे एकदाच सांगून काम झालं. पूर्वी रागावली नाही. ती फक्त म्हणाली, "बाबा, मग मेजरचं नाव का घेतायत सगळे? जाधवकाकांनी काहीच कसं लिहिलं नाही?"

हे घाडींनाही कळत नव्हतं. चाळीस जणांनी त्या माणसाच्या कुत्र्याला गुन्हेगार ठरवलं होतं. त्याने मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसत होत्या. त्याच्याकडून एक अक्षर नाही.

ते जिन्याने वर गेले. जाधवांनी दार उघडलं. मागे मेजर कानाला औषध लावून झोपला होता.

"तुम्ही ग्रुप बघितलात?" घाडींनी विचारलं.

"बघितला."

"मग लिहिलं का नाहीत? तुम्ही तिथे होतात. एक ओळ लिहायची."

"तुम्ही म्हणालात ना, कुणाला बोलू नका."

"अहो, पण ते मेजरला बाहेर काढायला निघालेत."

"हो," जाधव म्हणाले. "मी तेच बघत होतो, तुम्ही कधी लिहिताय." मग जरा थांबून म्हणाले, "हात दुखतोय का? शेक घेऊ नका."

घाडी खाली आले. ग्रुपवर लिहायला बसले, तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. शेवटी फोन उलटा ठेवून दिला. हे तोंडानेच सांगायला हवं होतं.

रविवारी सकाळी अकराला सभा भरली. एरवी कोरम जमवायला घाडींना दारोदार फिरावं लागे. त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. जाधव शेवटच्या रांगेत, हात मांडीवर ठेवून बसले होते. तोरसकरांनी टेबलावर चावी आपटली. "पयलो विषय. सेक्रेटरींका चावलेलो कुत्रो. सेक्रेटरी, तुमी बोला. घाबरायचा नाय. आमी सगळे तुमच्या पाठीशी आसव."

घाडी उठले. बाही वर करून मनगट दाखवलं. तिथे आता दिसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"मला मेजर चावला नाही," ते म्हणाले. "मला आमचा खरवस चावला. तोही मी धड धरला नाही म्हणून. त्याचं इंजेक्शन अडीच वर्षं राहिलं होतं. जाधवांच्या मेजरची सहा वर्षांची सगळी इंजेक्शनं वेळेवर झालेली आहेत, मी कार्ड डोळ्यांनी पाहिलं. काल लालबागच्या डॉक्टरांकडेही ते माझ्याबरोबर होते. गप्प राहायला त्यांना मी सांगितलं होतं. नोटीस माझी, चूक माझी. आता खरवसचं काय करायचं ते सभेने ठरवावं."

ते खाली बसले. काल ज्यांनी ज्यांनी लिहिलं होतं ते सगळे एकदम आपापल्या चपलांकडे बघू लागले.

मग सहाव्या मजल्यावरच्या माया कांबळे उठल्या. "ते लालबागचे डॉक्टर किती वाजेपर्यंत असतात हो?" त्यांनी विचारलं. "आमच्या पॉमेरियनचं पण जरा राहिलंय. दीड वर्ष."

"आमचं तर काढलेलंच नाही कार्ड," मागून राकेश म्हणाला. काल 'मेजरच असणार' असं लिहिणारा हाच.

हळूहळू तिसरा हात वर झाला, मग चौथा. जाधव उभे राहिले. इतक्या वर्षांत सभेत ते पहिल्यांदाच बोलत होते. "डॉक्टरबाईंना इथेच बोलवू," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी, खाली पार्किंगमध्ये. एकदम सगळ्यांची होतील. धरायला मी थांबतो."

घाडींनी वही उघडून नावं लिहायला घेतली. पाच कुत्रे झाले, एक ससा झाला. यादी अध्यक्षांपुढे सहीसाठी सरकवली. तोरसकरांनी पेन हातात घेतलं, पण सही करेनात. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग घाडींच्या कानाशी झुकून अगदी हळू आवाजात म्हणाले,

"सेक्रेटरी, मांजराचा पण कार्ड लागता काय?"

"लागतं."

"नाय, सहज इचारलंय." त्यांनी आजूबाजूला बघितलं. "आमच्या घरात एक आसा."

घाडींनी मान खाली घालून यादीत एक मांजर लिहिलं.

तोरसकर थोडा वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले.

"तीन करा," ते म्हणाले.